वैनगंगेतलं बेट आणि भाऊरावची जीप

पाण्याचा वेग मंदावला की त्यातली रेती खाली बसते आणि हळूहळू तिचं बेट होतं. माणसाचं वय झालं की किश्श्यांचंही तसंच होत असावं. यातल्या पहिल्या वाक्यावर मी डॉक्टरेट मिळवली आहे. दुसऱ्याबद्दल खात्री नाही. खरं तर पहिल्याबद्दलही पूर्ण नाही, पण परीक्षकांनी मान्य केलं, आता कशाला उकरायचं!

सत्तरच्या दशकात आमचं तिघांचं एक टोळकं होतं. भाऊराव नरखेड तालुक्यातला संत्र्याचा बागाईतदार. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप होती. थंडी सरली की एखाद्या शनिवारी तो नागपुरात यायचा, रामदासपेठेतून टोळक्यातल्या डॉक्टरांना उचलायचा, नंदनवनातून मला, म्हणजे कॉलेजातल्या प्रोफेसरला, आणि आम्ही भंडारा रोडने वैनगंगेकडे निघायचो. पाणी ओसरलं की नदीच्या मधोमध एक लांबलचक रेतीचं बेट उघडं पडे. जीप पाण्यात घालून तिथं जायचं, तंबू ठोकायचा, रविवारी परत.

माझी एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, ती जीप नदीतून मी न्यावी. लायसन्स खिशात घेऊनच मी घरून निघत असे. मागायचा मात्र धीर होत नसे.

*

जीपच्या पुढे एकाने काठी घेऊन पाण्यात चालायचं आणि तळ घट्ट आहे का ते बघायचं, अशी आमची पद्धत. पहिल्या वर्षी हे काम डॉक्टरांकडे होतं. डॉक्टर सर्जन, आत्मविश्वास दांडगा. काठी न टेकवताच ते हात हलवून गाडी बोलवायचे. एकदा ती बंपरपर्यंत रुतली. गावातून दोन बैलजोड्या आणाव्या लागल्या आणि सगळी दुपार गेली.

भाऊरावनं डॉक्टरांच्या हातातली काठी काढून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मला तर पाण्याची भीती वाटते.

"म्हणूनच तं," तो म्हणाला. "ज्याले भेव नाही, त्याच्या मागं गाडी नेऊ नये."

माझ्या भित्रेपणाचा असा उघड सन्मान आयुष्यात एकदाच झाला. अडचण एवढीच, की जो गाडीच्या पुढे चालतो तो गाडीत कधी बसणार?

*

बेटावर पोचल्यावर कोरड्या रेतीत चाकं फिरायची आणि गाडी जागच्या जागी खाली जायची. हा तर माझा विषय. एकदा मी खाली उतरून दोघांना समजावून सांगू लागलो. कण गोल असले की काय होतं, कोरडे असले की काय होतं, भार कमी जागेवर पडला तर काय आणि पसरला तर काय. डॉक्टर मान डोलवत होते. भाऊराव चाकांपाशी बसून काहीतरी करत होता. शेवटी मी निष्कर्षावर आलो, की टायरमधली थोडी हवा काढली पाहिजे, निदान तसं करून बघायला हरकत नसावी.

भाऊराव हात झटकत उठला. "काढली नं, सर. तुमचं गोल कण चालू होते, तेव्हाच चारही चाकांची झाली."

*

एका खेपेला शांतावहिनी, म्हणजे भाऊरावच्या सौभाग्यवती, सोबत आल्या. बेटावर भाऊरावनं स्वतः कणीक मळली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, वर सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. वहिनींचा घास हातातच राहिला होता. डॉक्टरांनी विचारलं, वहिनी, रोडगे बिघडले का?

"नाही जी, लय चांगले झाले," त्या म्हणाल्या. "घरी या माणसाले पाण्याचा गिलास उचलता येत नाही, म्हणून मी पाहून राहिली."

सोमवारी नरखेडला त्यांनी कणकेची परात भाऊरावपुढे ठेवली म्हणे आणि सांगितलं, "हेही बेटच समजा."

*

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. चौथं असेल कदाचित. छातीएवढं पाणी लागेल या धास्तीनं, मी पुढे, जीप मागे, असे दीड तासाने बेटावर चढलो. डॉक्टर म्हणाले, इथवर पोचायला छाती लागते. पलीकडच्या कडेला एक म्हातारा टरबुजांच्या वेलांना पाणी घालत होता. शेजारी त्याची बंडी उभी, बैल सोडलेले. आम्हाला कमरेपर्यंत ओले पाहून त्यानं विचारलं, "इकडून काहून आले? त्या अंगानं घोट्याएवढं पानी आहे. आमी रोज बंडी आणतो."

परतताना डॉक्टरांनी हळूच विचारलं, कुठून जायचं?

भाऊरावनं गाडी वळवून खोल पाण्याकडे लावली. "बंडीच्या वाटेनं बंडीवाल्यानं जावं."

*

मग भाऊरावनं जीप विकायला काढली. मुलाचं म्हणणं, बागेला ट्रॅक्टर पाहिजे, हे लोखंड कशाला सांभाळता. एका कंत्राटदाराशी बोलणं पक्कं झालं. सोमवारी सकाळी तो गाडी न्यायला येणार होता. आम्ही शेवटचं म्हणून बेटावर गेलो आणि रविवारी परत निघताना तो बाजूच्या सीटवर जाऊन बसला.

"चला सर. आज तुम्ही."

काठीचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, इतक्या वर्षांत तळ तुम्हाला पाठ झाला असेल. मागून डॉक्टर म्हणाले, मृत्युपत्र घरीच राहिलं.

भाऊरावनं तीनच गोष्टी सांगितल्या. पाण्यात क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही आणि काही झालं तरी थांबायचं नाही. मी फोर व्हीलचा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि नदीत शिरलो. अर्धी नदी अशी सुरेख पार झाली, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. तिथं पुढचं पाणी जरा गडद दिसलं. माझा प्रबंध सांगत होता उजवीकडे घ्या. इतकी वर्षं पाण्यात चाललेले पाय सांगत होते डावीकडे. दोन्हींत तथ्य होतं.

मी थांबलो.

इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं. चाकांखालची रेती वाहून जाऊ लागली, तशी जीप सावकाश खाली बसू लागली. पाणी पायाखालच्या पत्र्यावर आलं, मग पोटऱ्यांपर्यंत, मग सीटला लागलं. डॉक्टर मागून म्हणाले, "प्रोफेसर, उद्या तो माणूस गाडी न्यायला येणार आहे."

माझी भाऊरावकडे बघायची हिंमत नव्हती. समोर बघूनच मी त्याला सांगितलं, की मी फक्त विचार करत होतो.

भाऊरावनं ओले पाय वर डॅशबोर्डवर ठेवले, खिशातून विडी काढून शिलगावली आणि सीटला पाठ टेकली.

"होऊ द्या नं, सर, तुमचा विचार. मले काही घाई नाही."