माझ्या मापाचा पट्टा

"दाखव," शेठाणी म्हणाली.

पनवेलमधलं त्यांचं घर. मी ओटीखाली अंगणात उभी. वर झोपाळ्यावर शेठाणी, समोर सतरंजीवर चार-पाच बायका. हळदीकुंकवाला जमलेल्या. मला कुंकू लावायला बोलावलं नव्हतं. मला पट्टा द्यायला बोलावलं होतं.

"दाखव की. लाजतेस कशाला? सगळ्या बायकाच आहोत."

मी कंबरेची गाठ सैल केली. लुगडं खाली ओढलं. पोटावर जुनेराची पट्टी गुंडाळलेली होती, ती सोडली. तिच्याखालची कापडाची घडी काढून हातात धरली. घडी भरलेली होती. ती कुठे ठेवावी कळेना. म्हणून हातातच राहिली.

बेंबीच्या डाव्या बाजूला माझं आतडं बाहेर काढून शिवलेलं होतं. लाल, ओलं. पोटातलं सगळं तिथूनच बाहेर यायचं. कधी येईल ते माझ्या हातात नव्हतं. तेव्हाही आलं. सगळ्यांच्या देखत.

एकीने पदर नाकाला लावला. एक उठून आत गेली. एक मात्र ओटीच्या कडेला येऊन वाकली, नीट बघायला. म्हणाली, "हलतंय की गं."

"यांची सहनशक्ती बघा," शेठाणी तिला म्हणाली. "आपल्याला जमलं नसतं हो."

मग तिने पट्टा दिला. म्हणजे पायरीच्या टोकाशी ठेवला आणि ती मागे सरकली. "सासूबाईंचा आहे. अंतर्गळ होता त्यांना. चांगला चामड्याचा आहे. आता त्या गेल्या, तर पडून राहण्यापेक्षा तुला होईल."

मी घडी परत पोटावर ठेवली. पट्टी गुंडाळली. पट्टा उचलला. "उपकार झाले, बाय," म्हणाले. मला राग आला नाही. लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. घरी चालत आले.

आम्ही बेलपाड्याचे. घरची थोडी खारी जमीन, तिच्यात भात. भात कापून झालं की मिठागरावर. आगर शेठचं. माझा नवरा मीठ ओढायचा, मी टोपलीने वाहून राशीवर टाकायचे. आमच्याकडे सगळ्यांचं तेच. माझ्या आईनेही तेच केलं. उन्हात पांढरं मीठ बघून बघून डोळे चुरचुरतात. पायांना भेगा पडतात. त्याचं कुणी काही बोलत नाही.

अशीच एकदा टोपली डोक्यावर घेताना पोटात कळ आली. खाली बसले ती उठलेच नाही. पोट ढोलासारखं फुगलं. नवऱ्याने आणि दिराने मला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि एस.टी.त चढवलं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. मुंबईला जायचं तर ठाण्यावरून वळसा घालून. वाटेतलं मला आठवत नाही.

मुंबईच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पोटावर हे होतं. आतड्याला पीळ पडून ते काळं पडलं होतं. तेवढा तुकडा कापून टाकला होता. हे मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, मी खाटेवरून ऐकलं.

"परत जोडता येणार नाही. आता हे असंच."

नवऱ्याने मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

रोज सकाळी मोठे डॉक्टर पोरांना घेऊन यायचे. शिकणारी पोरं. पांघरूण ओढायचे. इंग्रजीत बोलायचे. एकजण पेन्सिलीने त्या आतड्याभोवती गोल दाखवायचा. मी छताकडे बघायचे. छताला पंखा होता. तो फिरत नव्हता.

घरी आल्यावर सासूने माझं अंथरूण पडवीत घातलं. ती वाईट नव्हती. घर एक खोलीचं. वास येतो म्हणजे येतो. नवरा आत झोपायला लागला. जेवताना मी जरा लांब बसायचे. मला कुणी लांब बस म्हटलं नव्हतं. कामावर मात्र म्हटलं. बायका भाकरी सोडायला बसल्या की एखादी म्हणायची, "तू वाऱ्याच्या खालती बस गो." मी बसायचे.

टोपली उचलायला लागल्यावर आतड्याच्या त्या तोंडाशेजारी पोट फुगायला लागलं. आधी सुपारीएवढं. मग पेरूएवढं. खोकला आला की बाहेर यायचं, आडवं पडलं की आत जायचं. मुकादमाने ते शेठच्या घरी सांगितलं. म्हणून तो पट्टा.

मेलेल्या म्हातारीचा चामड्याचा पट्टा. त्याला आतून एक कडक गादी होती. तिच्या जांघेतली गाठ दाबून धरायला केलेली. म्हातारी जाडी होती. मी खराट्याची काडी. मी पट्ट्याला नवीन भोकं पाडली, उलटा फिरवला, गादी फुगवट्यावर येईल असा बांधला. ती फुगवट्यावर राहायची नाही. चालताना सरकायची आणि त्या तोंडावरच बसायची. दाबून. मग आतलं बाहेर यायला वाट नाही. साचायचं, आणि मग सगळीकडून फुटायचं. लुगड्यावर, मांडीवर. त्याखालची कातडी सोलून निघाली. त्यात खारं पाणी जायचं. घामाने चामडं आणखी कडक व्हायचं.

मला आग होत नव्हती. होत असेल. मला कळत नव्हती.

शेठाणीने दिलाय म्हणून मी तो घालत राहिले. सासू म्हणायची, "एवढा चांगला दिलाय. काढू नको, बघतील." मी काढला नाही.

मग एकदा पोटातून काही बाहेरच येईना. उलट्या सुरू झाल्या. नवऱ्याला पहिलं सगळं आठवलं असावं, त्याने कुणाला विचारलं नाही. मला घेऊन परत मुंबईला.

या वेळी कापाकापी झाली नाही. नळी घालून, पाणी सोडून मोकळं केलं. आणि पट्ट्याच्या खोलीत पाठवलं.

खोली म्हणजे शिवणखान्याच्या शेजारची लांबट जागा. खुंट्यांना पट्टे लटकलेले. कंबरेचे, पाठीचे, पोटाचे. तिथे एक सिस्टर होती. वसईकडची, आमच्यापेक्षा सावळी, चष्मा लावलेली. तिने माझा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. उलटासुलटा बघितला.

"हा कुणी दिला?"

"शेठाणीबायनी."

"तुझं माप घेऊन?"

मी मान हलवली. नाही.

"याला तोंडासाठी भोकच नाही," ती म्हणाली. "हा या दुखण्याचा पट्टाच नाही."

तिने पडदा ओढला. म्हणाली, "तू सांगितल्याशिवाय आत कुणी येणार नाही." आणि खरंच कुणी आलं नाही. बाहेरून कुणीतरी हाक मारली तर "थांबा" म्हणाली.

कोमट पाण्याने तिने सगळं धुतलं. कातडी टिपून कोरडी केली. मग विचारलं, "कुठे दुखतं?"

"मना नाय म्हाईत."

"पट्टा कुठे दाबायचा?"

"नाय म्हाईत."

तिला वाटलं मी लाजते. मी लाजत नव्हते. मला खरंच सांगता येईना. इतके दिवस सगळ्यांनी ते बघितलं होतं. डॉक्टरांनी, पोरांनी, त्या बायकांनी. कुठे दुखतं हे कुणी विचारलं नव्हतं, मग मीही बघायचं सोडून दिलं होतं. ते माझ्या अंगावर होतं. माझं नव्हतं.

सिस्टर घाईत नव्हती. तिने मला उताणं झोपवलं. फुगवटा आत गेल्यावर एक पट्टा बांधला. चिंचोळा, रबरासारखा ताणणारा. "आता उठ. चाल. टोपली उचलतेस तशी वाक."

मी वाकले. पट्ट्याची कड दुमडली, त्याची दोरी झाली आणि कातडीत रुतली.

"कुठे?"

"हितं," मी बोट ठेवलं.

बोट ठेवलं आणि दुखलं. एकदम. सोललेल्या जागेची आग, फुगवट्याची ओढ, पाठीची कळ, सगळं एका वेळी. मी खाटेची कड धरली. सिस्टरने पट्टा सैल केला आणि थांबली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी रडत नव्हते. नुसतं पाणी.

दुसरा पट्टा कडक होता. तोंडाभोवती लोखंडी कडं. फुगवटा त्याने छान धरला. सिस्टरला तोच आवडला होता, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी उकिडवी बसले. कडं वर सरकून बरगडीखाली टोचलं.

"ह्यो नको," मी म्हणाले. कुणी दिलेल्या वस्तूला मी आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "का?"

"बसल्यावर टोचतंय. आनि मी खाऱ्या पान्यात असतंय. गंजल."

"बरं," ती म्हणाली, आणि तो खुंटीला लावला. एवढंच.

तिसरा जाड सुती कापडाचा. रुंद, फुगवटा पुरता झाकणारा, बाजूला नाड्या. वाकले तरी दुमडला नाही. पण त्याचं भोक मोठं होतं, खोकल्यावर फुगवटा त्यातून डोकवायचा. सिस्टरने तोंडाचं माप घेतलं. थोडं मोकळं ठेवून, चिकटून नाही. तिथल्या शिंप्याने त्या मापाचे दोन शिवले. एक अंगावर, एक धुवायला. भोकाची कड मऊ कापडाने मढवलेली.

"सकाळी उठायच्या आधी, झोपूनच बांध," तिने सांगितलं. "खाली दोन बोटं गेली पाहिजेत. तोंड काळपट दिसलं तर लगेच सैल कर, कुणी काही म्हणो. झोपताना काढून ठेव. आणि टोपली भरून उचलू नकोस. अर्धी उचल."

"अर्धी उचलली तर मुकादम बोलल."

"बोलेल," ती म्हणाली. तिने खोटं काही सांगितलं नाही.

मी घरी आले. पट्टा चांगला बसला. बरी झाले असं म्हणणार नाही. वास यायचा, कधी गळायचं. पण मला आता कळत होतं. कधी आवळला, कधी सरकला, कधी थांबायला हवं. मी अर्धी टोपली उचलायला लागले. मुकादम बोलला. मी अर्धीच उचलली.

मग शेठाणीचा निरोप आला. सासूबाईंचा पट्टा लागत नसेल तर परत आणून दे.

मी तो घासूनपुसून घेऊन गेले. ओटीवर या वेळी तिच्या माहेरची माणसं होती. दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ, वैद्यकी जाणणारे असावेत. मी पट्टा पायरीवर ठेवला.

"हीच ती," शेठाणी त्यांना म्हणाली. मग मला, "नवीन बांधलायस म्हणे? बघू, दाखव यांना."

माझा हात कंबरेकडे गेला. सवयीने. गाठीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. गाठीखाली पट्टा हाताला लागत होता. खाली दोन बोटं जात होती.

"नाय," मी म्हणाले.

"काय?"

"नाय दाखवनार."

"अगं, हे जाणकार आहेत. चार गोष्टी सांगतील."

"सांगायचा आसल तर सांगा. मी उघडी होनार नाय."

झोपाळा थांबला. ती हळू बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मागच्या वेळी तर लगेच सोडलं होतंस. पट्टा पाहिजे होता तेव्हा."

हे खरं होतं. मला ते लागलं. लागलं हे कळलं. पण मी गाठ सोडली नाही. वळले आणि अंगणातून बाहेर आले. मागून कुणीतरी म्हणालं, "माजतात ही माणसं."

दुसऱ्या दिवशी मुकादमाने दोघांनाही आगरात उतरू दिलं नाही. नवरा बांधावर उभा राहिला बराच वेळ. इतर माणसं मीठ ओढत होती. खाली मान घालून.

घरी आल्यावर तो म्हणाला, "दाखवला आसतास तर काय झाला आसता? एकदा दाखवलाच हाय."

मी म्हणाले, "त्या टायमाला मना दुखत नव्हता."

त्याला समजलं नाही. तो आत गेला. नंतरही त्याला समजलं असं मला वाटत नाही. पण त्याने मला परत जायला सांगितलं नाही.

पुढे मुकादम घरी आला. पडवीच्या बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "शेठाणीबाय मनाने मोठ्या हायत. ये, पाया पड. पाव्हनं अजून हायत. एकदा बघू दे त्यांना, मग दोघंबी उद्यापासून कामावर या."

सासू माझ्याकडे बघत होती. घरात तांदूळ किती उरलेत ते तिला माहीत होतं, मलाही.

"तिला सांग," मी म्हणाले, "आगर तिचा. कामावर घ्यायचा का नाय, ता तिनी बघावा. माजा पोट मी कुनाला दाखवनार नाय. काम देला तरी नाय, नाय देला तरी नाय."

तो गेला. काम मिळालं नाही. त्या साली आम्ही तळोज्याच्या बाजूला वाल काढायला गेलो, मग मातीकामावर. तिथेही बायका लांब बसायच्या. एकीने विचारलं, पोटाला काय बांधलंय? मी सांगितलं. काय झालं, कुठून काय बाहेर येतं, पट्टा कशाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, बघू?

मी नाही म्हटलं.

मला तेव्हा हिंमत आली, मोठं काही केलं, असं वाटलं नाही. आजही वाटत नाही. विचारेल त्याला मी सांगते. दवाखान्यात डॉक्टर आला तर त्याने आधी मला विचारावं, मग हात लावावा. न विचारता पांघरुणाला हात घातला तर मी तो हात धरते. मोठा डॉक्टर असो, शेठाणी असो. धरते आणि सोडत नाही.