मॅडमची पोरं आन माजी हळद

टाकीला कान लावून, डोळं मिटून मॅडम इचारायच्या, "जेवलात का सगळे?"

पयल्या दिवशी मला वाटलं, मलाच इचारत्यात. म्हनलं, "व्हय जी, चार भाकरी खाल्ल्या." मॅडम इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. तुमीबी हसला असता.

मी औंधाकडचा गडी, चौथीत तीनदा बसलेला. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला. दारू काढल्यावर जे काळं, जळक्या वासाचं पानी उरतं, त्येच्यावर माजी ड्युटी. बायको मला अंगणातच आंगूळ घालायची, घरात घ्यायची न्हाई.

मॅडम विश्रामबागच्या कॉलेजातनं आलेल्या. त्येंच्या टाकीतलं जंतू ते काळं पानी खायाचं आन त्येचं आम्ल करायचं. गाळलं की ते रंग बनवनाऱ्या कारखान्यांना चालनार हुतं.

"आवं मॅडम, ह्या घाणीतनं?"

"तुला घाण दिसते. माझ्या पोरांचं जेवण आहे ते."

खंडेनवमीला आमी हत्यारं पुजतो. पंप पुजला, पाना पुजला. म्हनलं, मॅडमच्या पोरांनी काय पाप केलंय? झाकण काढून सांगलीच्या पेठेतली हळद वतली. चिमूटभर पुरली असती. मी पिशवीच रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी टाकी गप. एक बुडबुडा न्हाई. मी उभ्या उभ्या कबूल झालो.

"जखमेला हळद का लावतो रे आपण?"

"जंतू मरावं म्हनून," म्हनलं, आन माजं मलाच कळलं.

आठ दिवसांनी कारखान्याचे मोठे सायेब टाकी बघायला येनार हुते. टाकी बंद दिसली तर कायमची बंद. मॅडमनी घरच्या फ्रिजात, लोणच्याशेजारी, पोरांची एक बाटली राखलेली. ती ओढणीत गुंडाळून स्कूटीवरनं आणली. आमी टाकी धुतली, ऊब ऱ्हावी म्हनून पोती गुंडाळली, वाटी-वाटीनं काळं पानी पाजलं. दुपारच्या उनात बसलं की वाटायचं, आत कोनतरी झोपेतनं जागं हुतंय.

सायेब आले तवा चारच बुडबुडे.

"एवढंच?"

"आधीची पोरं माझ्या चुकीनं मेली," मॅडम म्हनाल्या. "महिना द्या."

मी तोंड उघडलं. त्येंनी माज्या पायावर पाय दिला.

महिना मिळाला. टाकीला. मॅडमना न्हाई.

त्येंच्या जागी दुसरा सायेब आला. टाकी जोरात चालली. पयलं आम्ल गाळलं तवा मी बाटली उनाला धरली. त्या काळ्या पान्याचंच झालेलं, पन इतकं नितळ, की पलीकडचा ऊस त्यात उलटा डुलत हुता.

"मॅडम, बघा की," म्हनत वळलो.

शेजारी नुसतं ऊन हुतं.