लाल पटकेवाल्याचं बहुमत

लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळात उदगीरला आमच्या गल्लीत टँकर यायचा. रांगेत एक लाल पटकेवाला असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जिल्हा झाला म्हणजे आता सगळं बहुमतानं चालणार, अशी त्याची ठाम समजूत. टँकर कुठं थांबवायचा, आज ऊन जास्त आहे की कमी, सगळं तो मताला टाकायचा. "हात वर करा!" म्हणत आधी स्वतःचाच हात उचलायचा. डोकं उठायचं.

एकदा वैतागून एक म्हातारी ओरडली, "ह्या पटकेवाल्याला आज पाणी द्यायचं न्हाई. हात वर करा!"

सगळे हात वर गेले. माझा तर लगेच. आणि सवयीनं त्याचाही.

तो रिकाम्या घागरीकडं बघत राहिला. "बहुमत झालं खरं," तो म्हणाला, "पर तहान तर हायेच की."

म्हातारी विरघळली. तिनं त्याची घागर नळीखाली सरकवली. "नंबर तुझा हाय. त्याच्यावर मत घ्यायचं नसतंय, बाबा."

त्याला ते लई पटलं. "मग तसंच ठरवू! पाण्यावर मत घ्यायचं न्हाई. हात वर करा!"

पण हात कोण वर करणार? पाणी सुटलं होतं आणि सगळ्यांचे हात घागरींना होते. त्याचेसुद्धा.