सिस्तोचा उरलेला घास

स्पेनचा राजा गेला, आता आपलंच राज्य, म्हणून असुन्सिओनच्या चौकात आम्ही सगळे नाचलो होतो. माझी शेजारीण तोरिबिया तर सगळ्यांच्या पुढे. मग ते राज्य एकाच माणसाच्या हाती गेलं, त्याला सगळ्यांनी 'थोरले धनी' म्हणायचं. तोरिबियाचा नवरा सिस्तो चामड्याचे दोर वळायचा. एकदा गुत्त्यात तो बोलून गेला, "राजा गेला, पण टोपी काढून वाकायचं काही सुटलं नाही." ऐकणारे हसले. त्यांतल्याच कुणीतरी चहाडी केली. तो कोण हे कळलं असतं, तर मी त्याची जीभ हासडली असती.

सिस्तोला तळघरातल्या तुरुंगात टाकलं. किती दिवसांसाठी, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाराही आत जाई. तोरिबिया रोज चिपा, म्हणजे कसाव्याच्या पिठाच्या चीज घातलेल्या भाकऱ्या भाजून, फडक्यात बांधून पहारेकऱ्याकडे देई. फडकं परत येई तेव्हा त्यात एक तुकडा असे. लग्नापासून सिस्तोची ती खोडच, शेवटचा घास बायकोसाठी ठेवायचा. पूर्वी ती चिडायची, "उष्टं टिपायला मी काय कोंबडी आहे?" आता तो वाळका तुकडा दिसेपर्यंत तिच्या जिवात जीव नसे. माझ्याही नसे.

एक दिवस फडकं रिकामं आलं. भूक लागली असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही रिकामं, मग रोजच. भाकऱ्या कुणीतरी चवीनं खात होतं. घास न ठेवता सिस्तो जेवणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

शेवटी मीच म्हटलं, आता नको नेऊस, त्या मेल्या पहारेकऱ्यांना का पोसतेस? तिनं हळूच दाराकडे पाहिलं.

"उद्या नाही नेलं तर विचारतील, तो गेला हे तुला कुणी सांगितलं? मग कुणाचं नाव घेऊ? तुझं?"

म्हणजे दुखवट्याचे काळे कपडे नाहीत, चर्चमध्ये प्रार्थना नाही. घरात रडावं, तर गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला कान.

संध्याकाळी धनी घोड्यावरून फिरायला निघत. ते यायचे म्हटलं की रस्त्यावरची एकूण एक खिडकी बंद, असा त्यांचाच हुकूम. त्या दिवशी टापा ऐकू आल्या, तशी मी तिच्या खिडकीला अडसर घातला. साऱ्या गल्लीनं घातला. तोरिबिया जमिनीवर बसली, शालीचा बोळा तोंडात कोंबला आणि रडली.

टापा लांब गेल्या. तिनं तोंड पुसलं, खिडकी उघडली आणि उद्याच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं.