हव म्हणजे आयकलं

धानोऱ्याच्या मोहफूल केंद्रावर मला व्यवस्थापक नेमलं, तेव्हा कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं ही माझी पहिली जबाबदारी होती. मी नुकताच तीन दिवसांचं शिबिर करून आलो होतो, त्यामुळे ज्ञान उतू चाललं होतं. केंद्रात अकरा बाया. गावोगावची मोहफुलं यायची, त्या ती वाळवायच्या, निवडायच्या, पोत्यांत भरायच्या आणि माल नागपूरच्या खरेदीदाराकडे जायचा.

मी शेडच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली, प्रोजेक्टर लावला आणि दोन तास बोललो. ओलावा, बुरशी, ग्राहकाचं समाधान, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी ओलावा मोजायचं यंत्र उंच धरून जाहीर केलं, की यापुढे हाताचा अंदाज बंद, यंत्र म्हणेल तेच खरं. यंत्रात मोहाचं बटणच नव्हतं, म्हणून मी धानाचं दाबलं. आपल्या भागात धान सगळीकडे चालतो, हा माझा शास्त्रीय विचार.

"समजलं का?"

"हव," अकरा तोंडांतून एकदम आलं.

इतकं एकमत तर ग्रामसभेतही होत नाही. मी फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला.

पंधरा दिवसांत सगळा माल परत. पोती उघडली तर आंबूस वास आणि बुरशी. पाठोपाठ साहेबांचा फोन, की पुढचा मालही परत आला तर केंद्राला कुलूप. माझं काय, मी चंद्रपूरला घरी गेलो असतो. या बायांना घराजवळ दुसरं काम मिळणार नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडतो.

"तुम्ही सगळ्या हव म्हणाल्या होत्या," मी ओरडलो.

सगळ्यांत थोरली बाई लहानपणापासून मोह वेचत आलेली. तिने सुपातून मान वर केली नाही. "म्हनलं ना साहेब. हव म्हंजे आयकलं. समजलं असं कोन म्हनलं?"

"माल ओला आहे हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं ना. पन यंत्र वाळला म्हने, अन् तुमी म्हनले, यंत्राचं आयका. काऊन बोलाव? तुमी किती खुश होऊन राह्यले होते."

मी काही परका नव्हतो. आईने चक्कीवरून पीठ आण म्हटलं, की मीही खाटेवरूनच 'हव' म्हणायचो आणि कूस बदलायचो. या शब्दाचा अर्थ मला कुणी शिकवायची गरज नव्हती. खुर्ची मिळाली आणि मी तो विसरलो. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चादर काढून धुवायला टाकली आणि थोरल्या बाईला म्हणालो, "आता तुम्ही मला शिकवा."

तिने मूठभर मोहफुलं घेतली, घट्ट आवळली, सोडली. गोळा तसाच राहिला तर ओली, सुटी पडली तर वाळली. दोनदा करून दाखवलं आणि सूप माझ्यापुढे सरकवलं. मी बोटांच्या टोकांनी दाबायला लागलो.

"पेन नोका धरू साहेब, मोह धरा."

बाकीच्या पदरात तोंड घालून हसत होत्या. मला तीन दिवस लागले. मग मी नियम केला: 'समजलं का' विचारायचं नाही, 'दाखवा' म्हणायचं. जिला जमलं तिने पुढचीला शिकवायचं आणि व्यवस्थापकाने गप्प बसायचं. यातलं शेवटचं मला सगळ्यांत जड गेलं.

दुसरा माल निघायच्या दिवशी ट्रक दारात उभा, चालक हॉर्न वाजवतोय, साहेबांचे फोनवर फोन. बाई म्हणाली, "शेवटची थप्पी तुमी पाहा." मी एका पोत्यात हात घालून मूठ आवळली. गोळा. दुसऱ्यात, तिसऱ्यातही गोळा. ट्रक जाऊ द्यावा असं मनापासून वाटलं. बाईकडे पाहिलं, तर ती शेडचे पत्रे मोजत होती. तिला केव्हाच माहीत होतं.

"दाखवलं ना तुमाले," ती एवढंच म्हणाली.

खरेदीदार अर्धवट माल घेत नसे, म्हणून मी ट्रक रिकामा परत पाठवला, साहेबांची बोलणी खाल्ली आणि बायांबरोबर दोन दिवस उन्हात मोह उलथत बसलो.

माल पास झाला. कुलूप लागलं नाही. साहेबांनी स्वतःहून फोन केला. पुढच्या महिन्यात इतर केंद्रांच्या व्यवस्थापकांना तुम्हीच प्रशिक्षण द्या, म्हणाले, प्रोजेक्टर लावून, चांगलं दोन तास.

"समजलं का?"

"हव," मी म्हणालो, आणि बाईला सांगितलं, की दोन-चार सुपं जास्तीची काढून ठेवा.