उन्हाची ओळख

“स्वल्प तापू दे, मग बोलू,” असं म्हणत अक्का ज्वारीच्या कोवळ्या रोपावरून बोटांची मागची बाजू फिरवायच्या. ताप आलेल्या पोराच्या गालाला हात लावून बघतात ना, अगदी तसं.

बेंगळुरात हेब्बाळच्या पलीकडे शेतीसंशोधनाचं एक केंद्र होतं. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मी बेळगावकडून तिथे नोकरीला लागलो. शेजारच्या टेबलावर या बसायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरातच गेलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “ऊटा झालं का?” मी गोंधळलो. त्या हसल्या. “अरे, जेवण रे. बस, माझ्या डब्यात चित्रान्न आहे, लिंबाचा भात.”

तुम्ही त्या काळातलं बेंगळूर पाहिलं असेल तर ठाऊक असेल, मे महिन्यातही संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागे. अशा गावात बसून अक्का उन्हाचा अभ्यास करायच्या. त्यावर केंद्रात चेष्टा चाले. त्या शांतपणे म्हणायच्या, “रायचूरला जाऊन या एकदा. तिथं जमीन तापली की उगवलेली ज्वारी करपून जाते. ऊन मी इथं पेटीत तयार करते, एवढंच.”

त्यांच्याकडे एक गरम पेटी होती. आत हवी तेवढी उष्णता ठेवता यायची. कोवळी रोपं एकदम कडक उष्णतेत ठेवली की मरायची, यात नवल नव्हतं. पण अक्कांना वेगळंच काही दिसलं होतं. तशीच रोपं आधी थोडा वेळ बेताच्या उष्णतेत ठेवली, मग जरा निवू दिली आणि त्यानंतर कडक उष्णतेत घातली, तर जगायची. अक्का म्हणायच्या, “उन्हाची ओळख करून द्यायची. मग झाड तयारी करतं.”

आमच्या विभागाचे प्रमुख कन्नड होते, हुशार आणि तापट. त्यांना हे पटत नव्हतं. “तुमची जगलेली रोपं मुळातच दणकट असणार,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. पेटी दुसऱ्या कामाला द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. पेटी गेली असती तर अक्कांचं कामच संपलं असतं.

अक्का रागावल्या नाहीत. “सरी, ठीक आहे. मग तुम्हीच करून बघा. बी तुम्ही निवडा, कुठला ट्रे आधी गरम करायचा तेही तुम्हीच ठरवा. मी हात लावत नाही.”

आणि खरंच त्या पेटीच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. बाहेर बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. मीच आतबाहेर येरझारा घालत होतो. शेवटी प्रमुख दोन ट्रे घेऊन स्वतः बाहेर आले. एकातली रोपं मान टाकून पडली होती. दुसऱ्यातली, आधी गरम केलेली, ताठ उभी होती. त्यांनी दोन्ही ट्रे खाली ठेवले. मग अक्कांच्या शेजारी बाकावर बसले आणि एवढंच म्हणाले, “हे कसं होतं?”

“ते मला पण बघायचंय,” अक्का म्हणाल्या.

पेशीतली प्रथिनं बनायची थांबवणारं एक औषध त्यांनी मिळवलं. ते देऊन रोपांना उन्हाची ओळख करून दिली आणि मग कडक उष्णतेत ठेवलं. सगळी मेली. नुसतं औषध दिलेली, कडक उष्णता न दाखवलेली रोपं मात्र जिवंत राहिली. म्हणजे त्या बेताच्या उष्णतेत रोप आतल्या आत काहीतरी नवं बनवत होतं, आणि त्याच्याच जोरावर तगत होतं. काही दिवस गार हवेत ठेवलं की त्याची ही ताकद ओसरायची. अक्का म्हणायच्या, “गरज संपली की झाड पसारा आवरतं.”

आता प्रमुखच उत्साहाने पेटले. निबंधात लिहू या, म्हणाले, की उष्णतेपासून वाचवणारं प्रथिन आम्हाला सापडलं. मोठं नाव झालं असतं. अक्कांची बढतीही तेव्हा वर विचारात होती.

अक्कांनी ते वाक्य खोडलं. “सापडलं कुठं, सर? काहीतरी बनतं एवढं कळलं. ते मी पाहिलेलं नाही.”

“लोक याहून कमी पुराव्यावर लिहितात, अक्का.”

“लिहू देत. माझ्या नावाखाली नको.”

निबंध साधाच छापून आला आणि फारसा कुणी वाचला नाही. बढती दुसऱ्याला मिळाली. मी फणफणत होतो. अक्का दुसऱ्या दिवशी पेटीत नवा ट्रे लावत होत्या.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी बातम्या येऊ लागल्या, की उष्णता वाढली की झाडं खास प्रथिनं बनवतात. ती इतर प्रथिनांची घडी विसकटू देत नाहीत, आणि गारवा आला की त्यांचं बनणं थांबतं. मी अक्कांचा जुना निबंध काढून पुन्हा वाचला. अक्कांनी लिहिलेल्या एकाही वाक्यात बदल करावा लागला नव्हता.

मी बेंगळुरात बसवनगुडीला त्यांच्या घरी गेलो. अक्का आदल्याच वर्षी गेल्या होत्या. दार त्यांच्या थकलेल्या धाकट्या भावाने उघडलं. कॉफी देत ते म्हणाले, “रोज डबा घेऊन जायची. विचारलं तर सांगायची, झाडं बघते. नक्की काय करत होती हो ती?”

मी सांगायला बसलो. करपणारी ज्वारी, ते दोन ट्रे, खोडलेलं वाक्य, आणि आता जगभर काय कळलं आहे ते. सांगून झालं तसे ते काठी टेकत उठले, कुंपणाशी गेले आणि शेजाऱ्यांना कन्नडमध्ये हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आमच्या अक्काचं हे आता यांना पण सांगा. पहिल्यापासून.”