आत्याचा बिननावी पेशंट

दुधात पाणी असलं तर आत्या गवळ्याशी भांडायची, आणि नसलं तर तिला जास्तच संशय यायचा. आज का नाही घातलं? ती होती तोवर अंबरपेठच्या आमच्या घरात सगळे तिला फौजदार म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे, म्हणजे माझ्या अप्पांकडे राहायला आली. अप्पा गेले तरी तिनं घरावरचा पहारा सोडला नाही.

दिलसुखनगरच्या एका शिबिरात मी मूळपेशी दाता म्हणून नाव नोंदवलं. गालाच्या आतून नुसता बोळा फिरवतात. घरी आल्यावर आत्यानं माझं तोंड उघडून आत बघितलं. "थुंकीवरून माणसाचं सगळं काढून घ्यायलेत आजकाल," म्हणाली. पुढे फोन आला. रक्ताच्या कॅन्सरच्या एका पेशंटशी माझं जुळलं होतं. माझ्या पेशी मिळाल्या तर तो वाचण्याची आशा होती. नाव मात्र नियमानं सांगत नाहीत.

"चांगलं काम आहे तर नाव कामून लपवायलेत?" असं म्हणत ती माझ्यासोबत दवाखान्यात आली. असं जुळणं बहुधा सख्ख्या भावंडांत सापडतं, परक्यांत क्वचित, असं डॉक्टर म्हणाले आणि आत्या माझा चेहरा निरखू लागली. मी एकुलता एक. परतताना रिक्षात ती हळूच म्हणाली, "तुझा बाप दुकानासाठी हळद घ्यायला निजामाबादला जायचा. दोन दिवस सांगून हफ्ता लावायचा. मला तेव्हाच वाटलं होतं."

मी हसलो, मग चिडलो. तिनं बेगम बाजारात जाऊन अप्पांच्या दुकानशेजाऱ्यांना आडून आडून विचारलं. ते सगळे एकमुखानं नाही म्हणाले, तेव्हा तर तिची खात्रीच पटली.

इकडे आई घाबरली होती, मला पाठवायला तयार नव्हती. आत्यानं तिला मनातलं काही सांगितलं नाही. "जाऊ द्या वहिनी, मी आहे ना सोबत," एवढंच म्हणाली. मला मात्र बाजूला घेतलं. "भावानं केलं ते केलं. लेकराचा काय गुन्हा? दे तू."

माझं रक्त मशीनमधून फिरत होतं तेव्हा ती पेशींच्या पिशवीवर नजर लावून बसली होती. "हे त्यालाच जाईल ना? मधे कुणी दुसऱ्याला तर नाही द्यायचं?" तिनं नर्सला विचारलं.

काही महिन्यांनी फोन आला. पेशंट वाचला नव्हता. मला फार वाईट वाटलं. आत्याला सांगितलं तशी ती उठली आणि न्हाणीत जाऊन नेसत्या साडीनं डोक्यावरून पाणी घेतलं, घरचं माणूस गेल्यावर घेतात तसं. आई दाराशी विचारत राहिली, कोण गेलं? आत्या ओल्यानं बाहेर आली, आणि मी आंघोळीला आत गेलो.